सुभद्रा मध्येच का गाते?

'सौभद्र' नाटकातली सुभद्रा मोठ्या पेचात आहे. तिचं मन अर्जुनावर जडलंय, आणि थोरला भाऊ बलराम तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवून मोकळा झालाय. अशा वेळी कुणीही रडेल, भांडेल, पळून जायची वाट शोधेल. सुभद्रा गाऊ लागते. रंगमंचावर जवळ असलेल्या कुणालाही त्याचं नवल वाटत नाही. समोर बसलेल्या प्रेक्षकांनाही वाटत नाही. उलट पद रंगलं तर 'वन्समोअर' म्हणून ते तिला पुन्हा गायला लावतात. पद संपतं, आणि बोलणं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं.

पहिल्यांदाच संगीत नाटकाला आलेलं मूल मात्र हटकून विचारतं, "ही मध्येच का गाते?" मोठी माणसं त्याला गप्प बसवतात. खरं तर प्रश्न अगदी नेमका आहे. गाणं कुणी म्हणायचं, केव्हा म्हणायचं आणि किती वेळ म्हणायचं, या तीन गोष्टींची उत्तरं मराठी रंगभूमीने वेळोवेळी बदलली, आणि प्रत्येक बदलाबरोबर संगीत नाटक नावाची वस्तूच बदलत गेली.

गाणं लागलं की गोष्ट थांबते

नाटकात दोन प्रकारचा वेळ असतो. संवाद चालू असतात तेव्हा घटना पुढे सरकतात. कुणी येतं, कुणी जातं, निरोप पोचतो, कट शिजतो. पद सुरू झालं की हे सगळं जागच्या जागी थांबतं. पाच मिनिटं सुभद्रा गात असते तेव्हा कथेत पाच मिनिटं गेलेली नसतात. कदाचित एक क्षणच गेलेला असतो. तो एक क्षण ताणून, उलगडून आपल्यासमोर धरलेला असतो.

ओढ्यावर बंधारा घातला की असंच होतं. वाहतं पाणी अडतं, पुढे जाणं थांबतं, आणि तेवढ्या काळात ते आजूबाजूच्या जमिनीत मुरून विहिरींना पाझर फुटतो. बंधारा चुकीच्या जागी घातला तर पाणी नुसतं साचून राहतं, आणि फार उंच घातला तर खालची शेतं कोरडी पडतात. पदाचंही तसंच आहे. मनात काही साठून आलंय आणि साध्या बोलण्यात ते मावत नाही, अशा जागी आलेलं पद प्रेक्षकाच्या आत मुरतं. नाटककाराचं अर्धं कसब ही जागा हेरण्यात असतं.

म्हणून चांगल्या संगीत नाटकात पदाच्या आधीचं वाक्य फार काळजीने लिहिलेलं असतं. ते वाक्य पात्राला गद्याच्या कडेपर्यंत आणून सोडतं. आवाज थोडा चढतो, पेटीवर सूर ऐकू येतो, आणि बोलता बोलता पात्र गाण्यात शिरतं. हा सांधा जमला तर मुलाला पडणारा प्रश्न पडतच नाही. तो फसला की उत्तम गळ्याचा नटही एकदम उपरा वाटू लागतो.

आधी गायचा तो सूत्रधार

पात्रांनी स्वतः गावं हे सुरुवातीला ठरलेलं नव्हतं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हा खेळ केला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तसं काही मराठीत करायला भाव्यांना सांगितलं होतं. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो तो या खेळाच्या स्मरणार्थ.

भाव्यांच्या खेळात पदं भरपूर होती, पण ती म्हणायचा सूत्रधार. तो बाजूला उभा राहून साथीदारांसह प्रसंग गाऊन सांगायचा. राम आला, धनुष्य उचललं, सीतेला आनंद झाला, हे सगळं त्याच्या तोंडून. पात्रं त्यावर अभिनय करायची, आणि त्याचं पद संपलं की आपल्या मनाने, ऐन वेळी सुचेल तसं बोलायची. लिहून काढलेलं असायचं ते गाणं, भाषणं उत्स्फूर्त.

या पद्धतीत गाणं हे निवेदन होतं. ते सीतेबद्दल होतं, सीतेचं नव्हतं. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा तोच राम होतो, तोच रावण होतो आणि तोच बाहेर उभा राहून गोष्ट सांगतो. मराठी श्रोत्याचा कान त्याच वळणावर तयार झालेला होता. म्हणूनच ही रचना लोकांना लगेच आपली वाटली. पण तिला एक मर्यादा होती. सीतेच्या मनातली घालमेल तिसऱ्याच माणसाच्या गळ्यातून येत असल्यामुळे ती ऐकू यायची, जाणवायची मात्र कमी.

१८८०: गाणं पात्राच्या तोंडी आलं

पुण्याच्या रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करणारे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे अण्णासाहेब, मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांनी पुण्यात एका पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा उर्दू खेळ पाहिला. त्यात पात्रं स्वतः गात होती. हे मराठीत का होऊ नये, या विचाराने अण्णासाहेबांनी कालिदासाचं 'शाकुंतल' हाती घेतलं, आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यातल्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. पुढे सातही अंक रंगभूमीवर आले.

बदल दिसायला लहान होता. सूत्रधार नटीबरोबर सुरुवातीला येऊन प्रेक्षकांचं स्वागत करतो, विषय सांगतो आणि निघून जातो. त्यानंतर जे काही गायचं ते दुष्यंताने, शकुंतलेने, कण्वाने. परिणाम मात्र खोल झाला. 'तिला दुःख झालं' हे वाक्य आता 'मला दुःख होतंय' असं झालं. शिवाय संवाद लिहून आले, त्यामुळे बोलणं आणि गाणं एकाच लेखकाच्या हातून घडू लागलं, आणि तो सांधा पहिल्यांदाच शक्य झाला.

'शाकुंतला'तल्या पदांची संख्या दोनशेच्या घरात जाते. एका रात्रीत दोनशे पदं कशी बसायची? बहुतेक पदं अगदी छोटी होती. काही तर दोन-चार ओळींची. आज आपण ज्याला नाट्यगीत म्हणतो तसा ऐसपैस ऐवज त्यांत फार थोडा. पुष्कळसं बोलणंच पद्यात होतं, आणि ते गाऊन म्हटलं जाई.

दुसरी गोष्ट चालींची. अण्णासाहेबांनी चाली शोधल्या त्या लोकांच्या कानात आधीपासून असलेल्या: कीर्तनातली साकी आणि दिंडी, बायकांच्या ओव्या, लावणीचा ठेका, आणि स्वतःच्या मुलखातल्या कानडी चाली. यामागे विचार पक्का आहे. ध्वनिक्षेपक नव्हता, प्रेक्षागृह मोठं होतं, शब्द एकदाच ऐकू येणार होते. चाल ओळखीची असली की कानाला ती पकडण्याचे श्रम पडत नाहीत, आणि सगळं लक्ष शब्दांवर राहतं. १८८२ साली आलेल्या 'सौभद्रा'त तर हे इतकं सहज जमलं की पुराणातली माणसं महाराष्ट्रातल्या एखाद्या वाड्यातली वाटू लागली. बलरामाचा राग, कृष्णाची लबाडी, रुक्मिणीशी त्याची चाललेली थट्टा, सगळं घरगुती. त्या घरगुतीपणाला ओळखीच्या चालींनीच हात दिला.

चौकट: साकी, दिंडी, पद म्हणजे काय?

*साकी* हा कीर्तनातून आलेला प्रकार. ओळीला २८ मात्रा (मात्रा म्हणजे ऱ्हस्व अक्षर उच्चारायला लागणारा वेळ, दीर्घ अक्षराच्या दोन). घडलेली हकिगत भरभर सांगायला सोयीचा.

*दिंडी* ओळीला १९ मात्रांची, नवव्या मात्रेनंतर किंचित विसावा. विनवणी, शोक, आठवण यांसाठी फार वापरली गेली.

*कामदा* आणि *अंजनीगीत* हेही ठरलेल्या चालीत म्हटले जाणारे छंद. छंद सांगितला की नटाला चाल वेगळी शिकवावी लागत नसे.

*पद* म्हणजे मुखडा आणि अंतरा असलेलं, तालात बांधलेलं गाणं. मुखड्याकडे पुन्हा पुन्हा परत येता येतं. पुढच्या सगळ्या घडामोडींचं मूळ या परत येण्यात आहे.

कुणी गाऊ नये, हेही ठरवावं लागतं

किर्लोस्करांच्या हाताखाली तयार झालेले गोविंद बल्लाळ देवल हे किर्लोस्कर नाटक मंडळीचे तालीममास्तर होते. नटाला वाक्य कुठे तोडायचं आणि पद कुठे उचलायचं हे शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि ते त्यांच्या लिखाणात दिसतं. १८९९ सालच्या 'शारदा' नाटकात म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लग्न लावून दिली जाणारी कोवळी मुलगी गाते, ती तिच्या वयाच्या, तिच्या घरच्या भाषेत. चाली साध्या, शब्द घरात बोलले जाणारे. माझ्या मते पात्राच्या तोंडी शोभेल असं गाणं मराठीत देवलांइतकं कुणी लिहिलेलं नाही. (जाता जाता एक खुलासा: १९२९ चा बालविवाहाला आळा घालणारा 'सारडा कायदा' या नाटकावरून ओळखला जातो असा समज अनेकांचा असतो. तो ओळखला जातो ते विधेयक मांडणाऱ्या हरविलास सारडा यांच्या आडनावावरून.)

देवलांनी नकळत एक सुंदर प्रयोगही आपल्यासाठी करून ठेवला आहे. १८९३ साली त्यांनी 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक लिहिलं होतं. नवरा-बायको एकमेकांवर संशय घेतात, एका तसबिरीवरून घोटाळा होतो आणि वाढत जातो. मूळ कल्पना मोलिएरच्या प्रहसनापासून इंग्रजीमार्गे आलेली. याच नाटकाला पुढे पदं घालून १९१६ साली 'संशयकल्लोळ' झालं. म्हणजे एकच गोष्ट गाण्यांशिवाय आणि गाण्यांसह अशी दोन्ही रूपांत आपल्याला मिळते.

पदं कुणाला मिळाली ते पाहण्यासारखं आहे. नाटकात भरपूर गातात ते अश्विनशेठ आणि रेवती, म्हणजे प्रेमात पडलेलं जोडपं. त्यातही रेवती कलावंतिणीची मुलगी. गाणं तिच्या घरातलंच. संशयाने पछाडलेला फाल्गुनराव मात्र गद्य बोलतो. गणपतराव बोडसांसारख्या न गाणाऱ्या, पण अव्वल नटाने ती भूमिका गाजवली. कारण उघड आहे. संशय थांबत नाही. तो एका शंकेवरून दुसरीवर उडी मारतो, आणि त्यातली गंमत वेगात असते. फाल्गुनरावाने थांबून दहा मिनिटं गाणं म्हटलं असतं तर त्याचा संशय आणि आपलं हसू दोन्ही विरून गेलं असतं. प्रेमिकांना मात्र थांबायलाच हवं असतं.

चाल आधी, शब्द नंतर

पारशी आणि गुजराती रंगभूमीच्या उडत्या चाली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय' (१८९६) पासून आणल्या, आणि प्रेक्षकांना चालीतलं नावीन्य आवडतं हे सिद्ध झालं. खरं वळण आलं ते १९११ साली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, त्या पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या ढंगावर. पुढे १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या आणि खयालाच्या चिजा सरळ रंगमंचावर आणल्या. चीज म्हणजे रागात आणि तालात पक्की बांधलेली छोटी शब्दरचना, बहुधा ब्रज भाषेतली. बखलेबुवा फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तीन वेगवेगळ्या परंपरांतल्या थोर उस्तादांकडे शिकलेले, त्यामुळे त्यांच्याकडचा साठा अफाट होता.

काम असं चाले. प्रसंगाला शोभेल अशी चीज आधी निवडायची. मग नाटककाराने तिच्या मापाचे मराठी शब्द बसवायचे. मूळ चिजेत जिथे लांब स्वर आहे तिथे दीर्घ अक्षरच हवं. तालाच्या आवर्तनातली पहिली मात्रा म्हणजे सम. तिच्यावर वजनदार, उघड्या स्वराचं अक्षर यायला हवं, कारण गायक तिथे येऊन टेकतो. तान घ्यायची जागा असेल तिथे 'आ'कार सोयीचा. 'ई' किंवा 'ऊ'वर गळा तितका मोकळा फिरत नाही. एवढी बंधनं पाळून अर्थही सांभाळायचा. खाडिलकरांची पदं वाचताना क्लिष्ट, संस्कृत शब्दांनी ठासलेली वाटतात अशी तक्रार नेहमी होते. ती कागदावर खरी आहे. पण ते शब्द कवितेसारखे मोकळे सुचलेले नाहीत, साच्यात ओतलेले आहेत, आणि गाताना ते खणखणीत वाजतात.

आता पुढची कडी. साकी तिच्या ओळी संपल्या की संपते. तिची लांबी शब्दांनी ठरलेली असते. चिजेवर बांधलेलं पद तसं संपत नाही. मुखडा गायचा, आलाप घ्यायचा म्हणजे शब्दांवाचून किंवा एखाद्या शब्दाच्या आधाराने राग संथपणे उलगडायचा, पुन्हा मुखड्यावर यायचं, मग तान घ्यायची म्हणजे स्वर जलद गतीने गुंफायचे, पुन्हा मुखडा. किती वेळा परत यायचं ते रचनेत लिहिलेलंच नाही. ते गाणाऱ्याच्या दमावर आणि ऐकणाऱ्याच्या भुकेवर. नाटकाच्या भिंतीला असं एक दार पाडलं गेलं, आणि त्या दारातून मैफल आत आली.

बालगंधर्व, पायपेटी आणि वन्समोअर

या दारातून सर्वांत ऐटीने आत आले ते नारायण श्रीपाद राजहंस, बालगंधर्व. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ साली टेंबे आणि बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ते स्त्रीभूमिका करत. 'मानापमाना'ची भामिनी, 'स्वयंवरा'ची रुक्मिणी, 'एकच प्याला'ची सिंधू. त्यांच्या गाण्याचं वैशिष्ट्य असं, की दहा वेळा मुखडा घेतला तरी प्रत्येक वेळी शब्दावरचा भार वेगळा असे. रुक्मिणीचं भीमपलासातलं किंवा यमनातलं पद ऐकताना राग वाढत असतो आणि रुक्मिणीही वाढत असते. सगळ्यांना हे साधलं नाही. अनेकांच्या बाबतीत पद सुरू झालं की पात्र संपायचं आणि गवई उरायचा.

साथीचाही यात मोठा वाटा होता. हातपेटीला एक हात भाता हलवायला लागतो, सुरांवर एकच हात राहतो. पायपेटी आणि ऑर्गन यांत भाता पायांनी चालतो, दोन्ही हात मोकळे, आणि हवा अखंड मिळत असल्यामुळे सूर तुटत नाही. ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात हा भरीव, न तुटणारा सूर गायकाच्या पाठीशी उभा राहिला. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत. एखाद्या संस्थानिकाच्या दरबारात शोभावी अशी ही साथ, आणि ती ऐकायला मिळत होती तिकीट काढून आलेल्या कारकुनाला, शिक्षकाला, दुकानदाराला. रागदारी एरवी दरबारात आणि निवडक बैठकांत चालायची. कितीतरी मराठी घरांत भीमपलास, बिहाग, यमन शिरले ते नाटकातून. ही गोष्ट मला संगीत नाटकाची सर्वांत मोठी कमाई वाटते.

वन्समोअरची प्रथा या सगळ्याचा अटळ परिणाम होती. पद पुन्हा म्हणायचं तर तसंच कसं म्हणायचं? मग नव्या जागा, नव्या ताना, आणि त्यावर पुन्हा वन्समोअर. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चाले. लोक पद ऐकायला येत. मधलं गद्य पदांना जोडणारा दोरा होऊन बसलं. देवलांनी जिचा तोल इतका नेमका सांभाळला होता, ती बंधाऱ्याची उंची आता गायक आणि प्रेक्षक मिळून ठरवू लागले, आणि कथा कोरडी पडू लागली.

या काळाचा कळस म्हणून ८ जुलै १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'कडे पाहता येतं. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या या प्रयोगात दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एकत्र आले: भामिनी बालगंधर्व, आणि धैर्यधर 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले. एकाची गायकी आर्जवी, लडिवाळ. दुसऱ्याची चढ्या स्वरातली, धारदार, तानांच्या फेकीची. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, जेमतेम एकतिशीचे. तो आक्रमक बाणा पुढे वेगळ्या तऱ्हेने गोव्याच्या मंगेशीहून आलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी चालवला. त्यांच्या बळवंत संगीत मंडळीच्या 'रणदुंदुभी' आणि सावरकरांच्या 'संन्यस्त खड्ग' या नाटकांना वझेबुवांच्या चाली होत्या, आणि वीररसाला असं गाणं लागतं हे त्यांनी दाखवून दिलं.

बोलपटाने वेळेचं गणित बदललं

१९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, पहिला मराठी बोलपट. त्यात हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंब्यांचं, म्हणजे 'मानापमाना'ला चाली देणाऱ्या माणसाचंच. १९३५ साली 'धर्मात्मा'मध्ये खुद्द बालगंधर्व संत एकनाथ झाले.

बोलपट स्वस्त होता आणि तो अडीच-तीन तासांत संपे, हे तर झालंच. नाटक मंडळी म्हणजे पन्नास-शंभर माणसांचं फिरतं बिऱ्हाड. पडदे, कपडे, स्वयंपाकी, रेल्वेभाडं. एका चित्रपेटीशी तिला झगडता येईना. पण याहून खोल कारण आपल्या मूळ प्रश्नाशी जोडलेलं आहे. पात्राच्या मनातला एक क्षण मोठा करून दाखवायचं काम रंगमंचावर पद करत होतं. कॅमेरा तेच काम चेहरा जवळून दाखवून करू लागला. गाणं उरलं, पण तीन-चार मिनिटांचं. ध्वनिमुद्रिकेने कानाला आधीच ती सवय लावली होती. तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. ध्वनिक्षेपक आला तसा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची गरजही संपली, आणि हळू, कानाजवळ गायल्यासारखं भावगीत लोकप्रिय झालं.

१९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं. त्यात गाणी मोजकी, संगीत केशवराव भोळ्यांचं, आणि गाणारी ज्योत्स्ना भोळे, स्त्रीभूमिकेत स्त्री. हिराबाई बडोदेकरांनीही स्वतःची मंडळी काढून रंगमंच गाजवला. पुढे मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने 'कुलवधू' (१९४२) सारख्या नाटकांत घराच्या दिवाणखान्यात शोभतील अशी आटोपशीर पदं आणली. चाली मास्टर कृष्णरावांच्या. हे सगळं नेटकं आणि गोड होतं, पण संगीत नाटक या प्रकाराचा कणा आता गद्य झाला होता.

पद पुन्हा लहान झालं

१९६० च्या सुमारास विद्याधर गोखल्यांनी 'पंडितराज जगन्नाथ', 'सुवर्णतुला' आणि मग 'मंदारमाला' लिहून जुन्या थाटाचं, राग-ताना-मैफलीचं नाटक पुन्हा उभं केलं. छोटा गंधर्व, राम मराठे यांच्यासारखे गायक त्याला लाभले, आणि प्रेक्षक परत आले.

वेगळी वाट काढली जितेंद्र अभिषेकींनी. तेही मंगेशीचेच. वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा' (१९६४) या नाटकाला चाली देताना त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट केली: रागाचा अर्क चालीतच घातला. पूर्वी चाल हा सांगाडा असे आणि राग गायकाने त्यावर चढवायचा. अभिषेकींच्या चालीत मुखड्याच्या एका ओळीतच वळणं, हरकती, अनपेक्षित स्वर विणलेले असतात. त्यामुळे पद चार-पाच मिनिटांत पुरं होतं आणि कथा अडून राहत नाही. सत्यवती झालेल्या आशालतांसारख्या, मैफलीच्या गवई नसलेल्या अभिनेत्रीलाही ती पदं आपलीशी करता आली; त्याच नाटकात पराशर झालेले रामदास कामत मात्र कसलेले गायक. दोघांना पुरेल अशी चाल बांधणं हे फार अवघड काम आहे.

मग १९६७ चं 'कट्यार काळजात घुसली'. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी मुलाच्या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर दिलं. इथे पात्रं गातात कारण ती गवईच आहेत, आणि भांडण आहे ते गाण्यावरूनच. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या दोन घराण्यांतली स्पर्धा, आणि गुरूची विद्या चोरून शिकणारा सदाशिव. पद म्हटलं जातं तेव्हा गोष्ट थांबत नाही. गाणं हीच घटना असते. कोण जिंकलं, कोणी कुणाची जागा उचलली, हे आपल्याला गळ्यातून कळतं. वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब लांब गायला तरी नाटक ढळलं नाही, याचं कारण हे.

पाच वर्षांनी, १९७२ साली, 'घाशीराम कोतवाल' आलं. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. इथे ओळीने उभी असलेली माणसंच पडदा होतात, भिंत होतात, जमाव होतात, आणि गातात. कीर्तन, लावणी, दशावतार सगळ्यांचे धागे त्यात आहेत. गाणं एका पात्राच्या मनातलं नाही. ते साऱ्या पुण्याचं आहे. भाव्यांचा सूत्रधार आणि त्याचे साथीदार नव्या कामाला लागले.

आजचा प्रयोग बसवताना

जुनी संगीत नाटकं आजही होतात. महाराष्ट्र शासनाच्या आणि गोव्यात कला अकादमीच्या संगीत नाट्यस्पर्धा भरतात, आणि गोव्यातल्या देवळांच्या उत्सवांत गावकरी स्वतः तालमी करून 'सौभद्र' किंवा 'संशयकल्लोळ' उभं करतात. सगळ्यांपुढे पहिली अडचण वेळेची. अडीच-तीन तासांत संपवायचं तर पदं गाळावी लागतात.

गाळायची कोणती? सोपा मार्ग म्हणजे प्रसिद्ध पदं ठेवायची आणि अनोळखी काढायची. बहुतेक संच हेच करतात, आणि मला ते चुकीचं वाटतं. अनोळखी साक्या-दिंड्यांतून पुष्कळदा कथेचा दुवा गेलेला असतो; त्या गेल्या की पात्र एका मोठ्या पदावरून दुसऱ्या मोठ्या पदावर उडी मारतं, आणि नाटकाची गाण्याची मैफल होते. उलट एखाद्या प्रसिद्ध पदाचे आलाप आखडून वाचलेल्या वेळात तीन दिंड्या बसतात. त्यासाठी नटाला दिंडी म्हणता यायला हवी, म्हणजे तालाच्या चौकटीशिवाय, बोलण्याच्या लयीत, शब्द स्पष्ट ठेवून सुरात राहता यायला हवं. हे तानेपेक्षा अवघड असतं, आणि शास्त्रीय संगीताच्या शिकवणीत ते येत नाही. ते येतं तालमीत, जुन्या नटाच्या शेजारी बसून, ऑर्गनवाल्याने सूर धरून ठेवलेला असताना तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा उचलून.